आठ कण्या

भंडाऱ्याच्या दवाखान्यात नळी घालून
माझ्या आतड्यातून त्यांनी आठ कण्या उचलल्या.
कण्याच म्हणते मी. तांदूळ पाखडल्यावर
सुपाच्या काठाशी उरतात ना, तेवढ्याच.
प्रत्येकीला वेगळी बाटली,
बाटलीवर चिकटपट्टी, पट्टीवर जागा:
उजवं, आडवं, डावं, गुदाशय.
एका बाईच्या पोटात इतके मोहल्ले.

तपासायला नागपूरला न्यायच्या होत्या.
साडी विणून उरलेला कोशाचा दीड हात तुकडा,
त्यात दौलतने बाटल्या गुंडाळल्या,
मांडीवर घेऊन एसटीत बसला.
वाहक म्हणाला, का आहे जी त्यात?
हा म्हणाला, बायको आहे. थोडीशी.
वाहकाने तिकीट एकाचंच फाडलं.

त्याच्या आधीची दोन वर्षं
रक्त पडायचं, आणि अख्खं आंधळगाव म्हणायचं मूळव्याध.
कुणी सुरण सांगितला, कुणी मलम.
मोहाडीच्या डॉक्टरने क्षयाच्या गोळ्या लिहिल्या,
सहा महिन्यांच्या,
मग पेन तसंच धरून बराच वेळ गप्प बसला
आणि कागद परत मागितला.
म्हणाला, आधी ऊती बघू.

ऊती.
सातवीत मराठीच्या बाईंनी सांगितलं होतं,
ऊत म्हणजे विणलेलं.
कोष्ट्याची पोर म्हणून तेवढंच लक्षात राहिलं.

उईके मॅडमनी मला खुर्चीवर बसवून
भिंगातून बघू दिलं.
गुलाबी, जांभळं. रंग आम्ही देतो तसाच दिला होता,
पक्का.
आधी दुसऱ्या कुणाचं तरी निरोगी दाखवलं:
फणीतून निघालेल्या ताण्यासारख्या
सरळ, शेजारी शेजारी नळ्या.
मग माझं.
नळ्यांना फाटे फुटलेले, काही अर्ध्यातच संपलेल्या,
पोटात पांढऱ्या पेशींची गर्दी.
असं कापड मी कुणाला विकलं नसतं.
मॅडम म्हणाल्या, क्षयाच्या गाठी आठही कण्यांत शोधल्या,
नाहीत. हा दाह आहे. जुना.
जाईल? मी विचारलं.
आवरेल, म्हणाल्या.

आवरला.
दिवाळीपर्यंत रक्त थांबलं, पोळी पचू लागली,
उकळलेल्या कोशांचा धागा
पुन्हा मांडीवर वळू लागले मी, पहाटे, पूर्वीसारखी.
आणि गोळ्या सोडल्या.
दोन महिने. दौलतलाही कळू दिलं नाही.
पाकिटं फाडून चुलीत घालायची,
पैसे पेटीत.

वर्षाने परत नळी.
आतून छान आहे, म्हणाला डॉक्टर,
पडद्यावर मलाही छानच दिसलं.
तरी त्याने कण्या घेतल्या.
मला राग आला. चांगल्या कापडाला कशाला कातरी?

नवव्या दिवशी मॅडमचा फोन:
वरून शांत आहे, खाली धग आहे.
गोळ्या घेता ना?

मी मोबाईल कानाला धरून
मागावरचं अर्धं पातळ बघत राहिले.
इतवारीचा तो म्हातारा व्यापारी,
पदर कितीही चमकू दे,
आधी उलटी बाजू बघतो. बोटाने तुटके धागे मोजतो,
मग भाव बोलतो.
त्याच्याशी मी कधी खोटं बोलले नाही.
बोलून उपयोगच नसतो.

नाही घेत, म्हणाले मी.
मागे दौलतचा धोटा थांबला.

आता वैशाखात पुन्हा जायचं आहे.
पुढे आठ-दहा वर्षं झाली की
कण्यांत दुसरंच काही शोधतील म्हणे.
त्याचं नाव मॅडमनी घेतलं, मी घेत नाही.

तो दीड हात तुकडा पेटीत आहे.
बाटलीतलं औषध सांडलं होतं त्यावर, बसमध्ये, गचक्याने.
रिठ्याने तीनदा धुतला.
वास जात नाही.
राहू दे. बाटल्या बांधायला
तोच लागेल.